काका, गिअरबॉक्सचं तेल बदलून घ्या

तीर्थरूप काकांस,


तुमच्या होंडा सिटीचा गिअरबॉक्स अजून चांगला आहे आणि तो चांगला राहावा म्हणून त्यातलं तेल आता बदलायला हवं, एवढंच मला सांगायचंय. फोनवर दोन मिनिटांत झालं असतं. पण तुम्ही पडलात गणिताचे मास्तर. नुसतं उत्तर बरोबर आलं म्हणून तुम्ही कधी कुणाला पूर्ण मार्क दिले नाहीत, मला तर नाहीच नाही. म्हणून पायऱ्यांसकट लिहितेय. आणि मासिकातून लिहितेय, कारण कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या माझ्या गॅरेजमध्ये तुमच्यासारखे काका-मामा सारखे येत असतात. गाडी ऑटोमॅटिक, दुसऱ्या-तिसऱ्या हातातली, दीड लाखाच्या पुढं पळालेली. इंजिन ऑइल न चुकता बदललेलं आणि गिअरबॉक्समधलं तेल मात्र कारखान्यातून गाडी निघाली तेव्हाचं.

आधी तुमच्या मिरजेच्या मिस्त्रीचं म्हणणं घेते. ‘एवढी पळालेली गाडी आहे, आता बॉक्सला हात लावू नका. जुनं तेल काढलं की बॉक्स बसतो,’ असं तो म्हणाला ना? तो लबाड नाही. त्यानं असं होताना डोळ्यांनी बघितलंय, मीही बघितलंय. पण ऑटोमॅटिकचं तेल बदलायला आपल्याकडं माणूस येतो कधी? डी टाकल्यावर गाडी दोन-तीन सेकंद नुसती गुरगुरायला लागली, चढावर आरपीएमचा काटा वर जातोय पण गाडी काही पुढं सरकत नाही, तेव्हा. म्हणजे आतल्या क्लच प्लेटा जळून गेल्यावर. अशा गाडीत नवं तेल घाला नाहीतर गंगाजल घाला, महिन्याभरात ती बसणारच. मग गावभर होतं ते एवढंच: तेल बदललं आणि बॉक्स गेला. ज्यांनी वेळेवर बदललं आणि ज्यांच्या गाड्या पुढं निमूटपणे पळत राहिल्या, ते मिस्त्रीकडं सांगायला कशाला येतील? नमुना एकाच टोपलीतून उचलला तर अनुमान चुकतं, हे फळ्यावर तुम्हीच लिहून दिलं होतंत.

मिस्त्रीच्या बोलण्यात खरा भागही आहे, तो झाकून ठेवत नाही. खूप झिजलेल्या बॉक्समध्ये प्लेटांवरून सुटलेला बारीक भुसा तेलात तरंगत असतो. त्या खरखरीमुळंच उरल्यासुरल्या प्लेटा कशाबशा पकड धरतात, असं जुने कारागीर सांगतात. शिवाय नव्या तेलात मळ सोडवणारी द्रव्यं असतात. वर्षानुवर्षं आतल्या भिंतींना चिकटलेला चिकट थर एकदम सुटला, तर तो तेलाच्या बारीक वाटांमध्ये जाऊन बसू शकतो. म्हणून मशीन लावून, दाबानं जुनं तेल ढकलून काढायचं ‘फ्लशिंग’ मी पळालेल्या गाडीला करत नाही. गिऱ्हाईक कितीही म्हणालं तरी नाही. पण यावरून ‘तेल बदलूच नये’ हा निष्कर्ष निघत नाही. हळूहळू बदलावं, एवढाच निघतो.

आता या तेलाचं काम बघा. तुमच्या जुन्या फियाटमध्ये गिअर ऑइल होतं, ते दात्यांना वंगण देण्यापलीकडं फारसं काही करत नव्हतं. इंजिनाची ताकद चाकांकडं पाठवणं-तोडणं हे काम तुमचा डावा पाय आणि कोरडी क्लच प्लेट करत होती. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर तुम्ही ऑटोमॅटिक घेतलीत आणि त्या डाव्या पायाचं काम तेलाकडं आलं. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधे टॉर्क कन्व्हर्टर असतो. त्यात एका बाजूची पाती तेल फेकतात आणि त्या तेलाच्या जोरावर समोरची पाती फिरतात. सिग्नलला गाडी गिअरमध्ये असूनही बंद पडत नाही ती त्यामुळं. पुढं वॉल्व बॉडी, म्हणजे तेलाच्या वाटांचं एक जाळं. कोणत्या वाटेनं दाब सोडायचा त्यावर कोणता गिअर पडणार हे ठरतं. तेच तेल क्लचच्या प्लेटा एकमेकींवर दाबतं, तेच बेअरिंगना वंगण देतं, तेच उष्णता घेऊन बाहेर जातं. होंडानं तर त्या काळातल्या ऑटोमॅटिकमध्ये इतरांसारखी ग्रहमालेची चक्रं वापरलीच नाहीत. मॅन्युअलसारखेच समांतर शाफ्ट ठेवले आणि गिअरगिअरला तेलात भिजलेले क्लच दिले. तुमचा बॉक्स उघडला तर फियाटवाल्या माणसालाही तो ओळखीचा वाटेल.

यातली खरी गंमत अशी की या तेलानं एकाच वेळी दोन उलटी कामं करायची असतात. बेअरिंगमध्ये घसरायचं आणि क्लच प्लेटांमध्ये घसरू द्यायचं नाही. प्लेटांवर कागदी लगद्यासारखा थर असतो. गिअर पडताना त्या प्लेटा झटका न देता, पण घरंगळतही न राहता एकमेकींना धराव्यात, हे सगळं तेलात मिसळलेल्या द्रव्यांवर अवलंबून असतं. अमेरिकेत जनरल मोटर्सनं १९४० सालच्या ओल्ड्समोबिल गाड्यांमध्ये हायड्रामॅटिक नावाचा बॉक्स दिला. मोठ्या संख्येनं विकला गेलेला पहिला पूर्ण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स तो. पुढं कितीतरी वर्षं अशा बॉक्सांच्या तेलात स्पर्म जातीच्या देवमाशाचं तेल मिसळत, कारण ही नाजूक पकड त्याच्याइतकी कशानंच साधत नव्हती. १९७० नंतरच्या दोन-तीन वर्षांत अमेरिकेनं या देवमाशाच्या मालावर बंदी आणली आणि रसायनवाल्यांना दुसरा घटक शोधावा लागला. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा बराच वेळ हातातल्या बाटलीकडं बघत बसले होते. एका गिअरचा झटका कमी व्हावा म्हणून समुद्रात काय काय झालं!

तर ही द्रव्यं कायमची टिकत नाहीत. उष्णतेनं ती खर्च होतात, तेल हवेनं आंबतं, त्याचा लालसर रंग आधी तपकिरी आणि मग काळा पडतो. चालत्या बॉक्समध्ये तेल साधारण ८० ते ९० अंशांवर असतं. त्यावर दर दहा अंश वाढले की आयुष्य निम्मं होतं, असा आमच्या धंद्यातला ढोबळ नियम आहे. तुम्ही आणि काकू वर्षातून जितक्या वेळा साखरप्याला जाता, तितक्या वेळा येताना आंबा घाट चढता. मे महिना, एसी चालू, डिकीत आंब्याच्या पेट्या, पुढं जांभ्याचा ट्रक रांगतोय. तेव्हा कन्व्हर्टर सतत घसरत असतो आणि घसरण्यातली सगळी ताकद उष्णता होऊन तेलात जाते. गाडीच्या पुस्तकात ‘कठीण वापर’ म्हणून जो वेगळा रकाना असतो ना, तो हाच. तो वाळवंटात गाडी चालवणाऱ्यांसाठी आहे असं सगळे समजतात. कोल्हापूरचा गाडीअड्डा संध्याकाळी सहाच्या गर्दीत पार करणाऱ्यानंही तोच रकाना वाचावा.

‘पण हे तेल आयुष्यभराचं असतं म्हणे,’ हा तुमचा पुढचा मुद्दा. काही कंपन्या तसं सांगतात, खरं आहे. मग मी विचारते, आयुष्य कुणाचं? गाडी पहिल्या मालकाकडं असेपर्यंतचं, का तुमच्यासारख्या तिसऱ्या मालकाकडं ती रिटायर होईपर्यंतचं? बीएमडब्ल्यूला गिअरबॉक्स पुरवणारी जर्मनीची झेडएफ कंपनी घ्या. गाडीवर ‘आयुष्यभराचं तेल’ म्हणून सांगितलेल्या बॉक्सांसाठीही झेडएफ स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा आठ वर्षांनी तेल बदला असं सांगते. बॉक्स बनवणाराच असं म्हणत असेल तर विकणाऱ्याच्या शब्दावर मी तरी जाणार नाही. आपल्या उन्हात आणि गर्दीत टॉर्क कन्व्हर्टरवाल्या गाडीला चाळीस ते साठ हजारांच्या मधे कुठंतरी बदलावं, हे माझं मत. तुमच्या गाडीचं तेल आधीच्या मालकांनी, त्या डॉक्टरांनी, बदललं असेल असं तुम्ही म्हणता, पण सर्व्हिसच्या फाइलीत त्याची एकही पावती नाही. पावती नाही म्हणजे बदललं नाही, असंच आम्ही धरतो.

आता तुमच्या गाडीकडं येते. जयसिंगपूरच्या सपाट रस्त्यावर साठच्या आसपास, ॲक्सिलरेटरवर पाय हलका असताना गाडी थरथरते, जशी काही रस्त्यावर बारीक पट्टे मारलेत, असं तुम्ही म्हणालात. टायर बॅलन्स केले, फरक नाही. काका, हे लक्षण मी ओळखते. त्या वेगाला कन्व्हर्टरच्या आतला लॉकअप क्लच धरायला जातो आणि तेलातली पकडीची द्रव्यं संपली असली की तो धर-सोड, धर-सोड करतो. बऱ्याचदा नुसत्या नव्या तेलानं ही थरथर जाते. सकाळी पहिल्यावरून दुसऱ्यात पडताना बसणारा तो हलका झटकाही बहुतेक त्याच घरचा. पण डी टाकल्यावर गाडी लगेच धरते, चढावर आरपीएम उगीच पळत नाही. म्हणजे प्लेटा शाबूत आहेत. वेळ अजून आपल्या हातात आहे, असं मी म्हणते ते यावरून.

तरी माझ्या शब्दावर विसंबू नका, स्वतः बघा. गाडी अर्धा तास फिरवून सपाट जागी लावा. डिपस्टिक काढून एक थेंब पांढऱ्या टिश्यू पेपरवर टाका आणि थांबा. तेल लाल किंवा फिकट तपकिरी असेल आणि कागदावर एकसारखं पसरलं तर उत्तम. मधे काळा ठिपका राहिला आणि फक्त पातळ तेल कडेला सरकलं, तर त्यात मळ भरलाय. मग वास घ्या. करपल्यासारखा वास आला तर मला लगेच फोन करा आणि गाडी जास्त फिरवू नका. आणि तेल गुलाबी, फेसाळ, दुधाळ दिसलं तर गाडी जागची हलवूच नका. बऱ्याच गाड्यांत हे तेल थंड करणारी नळी रेडिएटरच्या पोटातून जाते. ती आत फुटली की कुलंट गिअरबॉक्समध्ये शिरतं आणि त्या कागदी प्लेटा भिजून सुटायला लागतात. तुमच्या गाडीत तसं काही नसणार, पण बघायला काय जातंय.

गाडी आणलीत की मी काय करणार तेही लिहिते. बॉक्सच्या खाली एक ड्रेन प्लग आहे, त्याच्या डोक्यात चौकोनी खाच. तीन-अष्टमांशचा रॅचेट त्यात थेट बसतो, सॉकेट लागत नाही. पण त्याला हात लावायच्या आधी तेल भरायची वाट मोकळी होतेय ना, हे बघायचं. पोरांना मी हे पहिल्याच दिवशी शिकवते. खालचं सगळं तेल काढून बसलात आणि वरचा बोल्ट गंजून अडकला असेल, तर गाडी गॅरेजातून बाहेर जात नाही. प्लगच्या टोकाला चुंबक असतो आणि त्यावर लोखंडाची करडी पेस्ट साचलेली असते. ती बघून घाबरायचं नाही. डोळ्यांत घालायच्या काजळासारखी ती बोटावर मऊ पसरली तर ती नेहमीची झीज. बोटाला टोचणारे कण, चमकणारे कपचे सापडले, तर मात्र मी नवं तेल भरण्याआधी तुमच्याशी बोलेन. प्लगचा ॲल्युमिनियमचा वायसर दर वेळी नवा. तो चार पैसे वाचवायला जुनाच ठेवणारे लोक आहेत आणि मग महिन्यानं पार्किंगमध्ये लाल डाग दिसतो.

आता तुमच्या आवडीचा भाग. प्लग उघडला की बाहेर येतं अडीच लिटरच्या आसपास. आत एकूण तेल आहे सहाच्या जवळपास. बाकीचं कन्व्हर्टरमध्ये आणि नळ्यांमध्ये अडकून राहतं, ते प्लगवाटे निघत नाही. म्हणजे एका वेळी साधारण चाळीस टक्के तेल नवं होतं आणि साठ टक्के जुनं उरतं. काही दिवस गाडी चालवायची, नवं-जुनं नीट मिसळू द्यायचं, मग पुन्हा तेवढंच काढून तेवढंच भरायचं. दुसऱ्या वेळी जुनं उरतं साठाचं साठ टक्के, म्हणजे ३६. तिसऱ्या वेळी २१.६. भूमिती श्रेढी, गुणोत्तर ०.६, शून्याकडं जाते पण शून्य होत नाही. मी तिसऱ्याला थांबते. चौथ्यांदा आणखी आठ-नऊ टक्के मिळतात आणि त्यासाठी अडीच लिटर महागडं तेल ओतणं मला पटत नाही. तीन वेळा मिळून साडेसात लिटर. मळही एकदम न सुटता थोडा थोडा निघतो. हेच बॉक्स उघडायची वेळ आली तर मजुरी, प्लेटा, सील, कन्व्हर्टर धरून बिल कुठं जाईल याचा हिशेब करू नका. तुमच्या गाडीच्या आजच्या बाजारभावाशी ते भांडायला लागेल.

तेल कोणतं, यावर थोडं रेंगाळते, कारण सगळ्यात जास्त घोटाळा इथंच होतो. सिटी हे एकच नाव, पण २००८च्या आधीच्या पिढीतल्या सिटीत सीव्हीटी होता. मग २००८ ते २०१३च्या पिढीत, म्हणजे तुमच्या गाडीत, पाच गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर आला. आणि २०१४ पासून परत सीव्हीटी. सीव्हीटीत गिअरच नसतात. दोन पुल्यांवर पोलादी पट्टा फिरतो आणि त्याचं तेल वेगळं. काउंटरवरच्या पोराला नुसतं ‘सिटी ऑटोमॅटिकचं तेल दे’ म्हणालात तर तो कोणतीही बाटली देऊ शकतो आणि दोन्हीवर होंडाचंच नाव असेल. तुमच्या गाडीला आधी झेड-वन नावाचं तेल येत असे, त्याच्या जागी कंपनीनं पुढं डीडब्ल्यू-वन आणलं. ते जुन्या बॉक्सला चालतं आणि तेच घालायचं. ‘सगळ्या गाड्यांना चालतं’ असं लिहिलेलं स्वस्त तेल माझ्या गॅरेजात येत नाही. गळती थांबवणाऱ्या, झटका घालवणाऱ्या जादूच्या बाटल्याही नाहीत. काकूंच्या भावाची ती सेलेरिओ मात्र यात धरू नका. ती एएमटी आहे. आत साधा मॅन्युअल बॉक्स आणि कोरडा क्लच, फक्त क्लच दाबायला आणि गिअर बदलायला यंत्र बसवलंय. तिला यातलं काहीच लागू नाही.

पातळी मोजायची रीतही होंडाची वेगळी. बऱ्याच कंपन्यांच्या गाड्यांत इंजिन चालू ठेवून डिपस्टिक बघतात. होंडात इंजिन चांगलं तापवायचं, सपाट जागी बंद करायचं, साठ सेकंद थांबायचं आणि नव्वद सेकंद व्हायच्या आत बघायचं. ही गोष्ट ठाऊक नसलेला माणूस इंजिन चालू ठेवून बघतो, तेल कमी दिसतं म्हणून अर्धा लिटर वर ओततो. जास्त झालेल्या तेलाला फेस येतो, फेसाला दाब धरता येत नाही, आणि चांगला बॉक्स झटके द्यायला लागतो. मी काढलेलं तेल मापाच्या भांड्यात मोजते आणि तेवढंच भरते. मग मात्र डिपस्टिक तुम्हीच बघायची, घड्याळ लावून.

काढलेलं तेल गटारात जाणार नाही, हे तुम्ही विचारायच्या आधीच सांगते. ते पिंपात जमा होतं आणि परवाना असलेल्या पुनर्वापरवाल्याकडं जातं.

एक गोष्ट चालवण्याची. आंबा घाट उतरताना डी मध्ये ठेवून ब्रेकवर पाय दाबून येऊ नका. एस टाका, स्टिअरिंगमागच्या पॅडलनं खालचा गिअर धरा, इंजिनालाच गाडी रोखू द्या. आणि पार्किंगमध्ये गाडी मागं जात असतानाच डी टाकायची तुमची सवय आहे, ती बंद करा. गाडी पूर्ण थांबू द्या, मग टाका. कितीही चांगलं तेल घातलं तरी त्या एका सवयीनं प्लेटा खाल्ल्या जातात.

तुम्ही म्हणाल, एवढं करून बॉक्स उद्या गेलाच तर? जाऊ शकतो. दीड लाखांच्या पुढं पळालेल्या यंत्राची हमी मी देत नाही, कुणी देत असेल तर त्याच्याकडं जाऊ नका. पण तेल न बदलता तो जाण्याची शक्यता जास्त आहे, आणि तुमच्या गुडघ्याला आता क्लचची गाडी झेपणार नाही. मिरजेहून दवाखान्यात, बाजारात, साखरप्याला तुम्ही कुणाच्या तोंडाकडं न बघता जाता, ते याच बॉक्सच्या जिवावर.

डीडब्ल्यू-वन आणि वायसर मी मागवून ठेवलेत. टिश्यू पेपरवरचा थेंब वाळला की त्याचा फोटो पाठवा आणि या शनिवारी गाडी घेऊन या. सकाळी लवकर निघा, म्हणजे दुपारच्या जेवणापर्यंत पहिला हप्ता उरकेल. तोवर मिरजेत कुणालाही डिपस्टिक बघून वरून तेल ओतू देऊ नका.

तुमची धाकटी पुतणी